माणूस की जनावर? गलिव्हरच्या चौथ्या सफरीतले शहाणे घोडे

घरात भांडण पेटलं की आपल्या तोंडात पहिल्यांदा जनावरंच येतात. नवरा ऐकत नसला की तो बैल, पोरगं अभ्यास करत नसलं की गाढव. आणि कुणी फारच वाईट वागलं, दारू पिऊन बायकोला मारलं, पोरीबाळीवर हात टाकला, की आपण म्हणतो, ‘माणूस आहे का जनावर?’ असं म्हणताना आपल्या मनात पक्कं असतं की माणूस वर आणि जनावर खाली. पण ज्यांच्या दारात गाई-बैल, शेळ्या बांधलेल्या आहेत त्यांनी जरा गोठ्याकडे बघून सांगावं. कुठला बैल नशा करून गाईला मारतो? पोट भरलं की शेळी पाल्यापासून बाजूला होते, सात पिढ्यांसाठी पाला साठवत बसत नाही. मग जनावर म्हणजे वाईट, हे आपण कुठून आणलं?

हाच प्रश्न सुमारे तीनशे वर्षांपूर्वी आयर्लंडमधल्या एका धर्मगुरूनं विचारला होता. त्याचं नाव जोनाथन स्विफ्ट आणि त्याच्या पुस्तकाचा नायक गलिव्हर. गलिव्हर म्हटल्यावर तुमच्यातल्या बऱ्याच जणींना ते चित्र आठवेल: समुद्रकिनाऱ्यावर एक माणूस पडला आहे, दोऱ्यांनी जखडलेला, आणि त्याच्या अंगावर वीतभर उंचीची माणसं चढताहेत. आपण ते लहान मुलांचं पुस्तक समजतो. पण मूळ पुस्तकात चार सफरी आहेत आणि मुलांच्या पुस्तकांत बहुतेक वेळा पहिल्या दोनच असतात. चौथी सफर मुलांना सहसा देत नाहीत. आज आम्ही तीच सांगणार आहोत.

आधी थोडं या प्रकारच्या लिखाणाविषयी, कारण ते सरळ वाचलं तर घोटाळा होतो. सून नऊ वाजता उठली आणि सासू म्हणाली, ‘आज फारच लवकर उठलीस गं बाई,’ तर सुनेला बरोबर कळतं काय म्हणायचंय ते. तोंडी स्तुती आणि पोटात चपराक. याला उपरोध म्हणतात. स्विफ्ट या सासूच्या वरताण. तो कधीही स्वतः पुढे येऊन ‘हे चूक आहे’ असं म्हणत नाही. तो एखाद्या भोळ्या किंवा फार शहाण्या माणसाला बोलायला लावतो आणि आपण गालातल्या गालात हसत बाजूला उभा राहतो. बोलणाऱ्याचं किती खरं धरायचं हे आपलं आपण ठरवायचं.

स्विफ्टचा जन्म १६६७ साली डब्लिनला झाला. बाप त्याच्या जन्माआधीच वारला होता. पुढे १७१३ साली तो डब्लिनच्या सेंट पॅट्रिक या मोठ्या चर्चचा प्रमुख झाला. त्या काळी आयर्लंडवर हुकूम चालायचा तो इंग्लंडचा. पुष्कळ जमीनदार लंडनला राहून आयर्लंडचा खंड खायचे, आयरिश लोकरीचं कापड परदेशी विकायला १६९९ पासून बंदी होती, आणि डब्लिनच्या रस्त्यांवर पोरं काखेत घेऊन भीक मागणाऱ्या बायकांच्या रांगा असायच्या. स्विफ्ट हे रोज बघत होता. ‘गलिव्हर’ छापून आलं ते १७२६ साली, लंडनला, आणि त्यावर स्विफ्टचं नाव नव्हतं. नाव घालायची सोयच नव्हती. दोनच वर्षांपूर्वी त्यानं खोट्या नावानं लिहिलेल्या सरकारविरोधी पत्रांसाठी लेखकाला पकडून देणाऱ्याला ३०० पौंडांचं बक्षीस लागलं होतं. लेखक कोण ते साऱ्या डब्लिनला ठाऊक होतं, पण बक्षीस घ्यायला कुणीही गेलं नाही.

आता मुद्द्याचं. त्या काळी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायची जी पुस्तकं होती, त्यांत माणसाची व्याख्या ठरलेली होती: माणूस म्हणजे विचार करणारा प्राणी. व्याख्या ग्रीक लोकांपासून चालत आलेली. आणि विचार न करणारा प्राणी कोण, तर त्याचं ठरलेलं उदाहरण घोडा. इकडे माणूस, तिकडे घोडा. पोरांनी हे पाठ करायचं. स्विफ्टनंही डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात हे घोकलं असणार, आणि त्याला ते तर्कशास्त्र मुळीच आवडायचं नाही. पुढे आयुष्यभर माणसं कशी वागतात ते बघितल्यावर त्यानं ही जोडीच उलटी केली. १७२५ साली पोप नावाच्या आपल्या कवी मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं आपलं म्हणणं सांगून टाकलं आहे. माणूस हा विचार करणारा प्राणी आहे हे त्याला मान्य नाही. माणूस फक्त विचार करू शकणारा प्राणी आहे. फरक एका शब्दाचा वाटेल, पण आपल्याला तो लगेच समजावा. वाचता येणं वेगळं आणि वाचणं वेगळं. अक्कल असणं वेगळं आणि ती वापरणं वेगळं. त्याच पत्रात तो असंही सांगतो की माणूस नावाच्या जातीचा त्याला तिटकारा आहे, पण एकेक माणूस, हा अमका, तो तमका, त्याला मनापासून आवडतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चौथ्या सफरीत गलिव्हर जहाजाचा कप्तान असतो. गरोदर बायकोला घरी सोडून तो निघतो. वाटेत खलाशी बंड करतात आणि त्याला एका अनोळखी किनाऱ्यावर उतरवून देतात. तिथं त्याला पहिल्यांदा दिसतात ते ओंगळ, केसाळ, वाकड्या नखांचे प्राणी. ते झाडावर चढतात आणि वरून त्याच्या डोक्यावर घाण करतात. त्यांचं नाव याहू. (याहू म्हटलं की आपल्याला शम्मी कपूर आठवतो, पण हा याहू स्विफ्टनं घडवलेला.) तेवढ्यात एक घोडा येतो, त्याला बघून याहू पळून जातात, मग दुसराही घोडा येतो, आणि ते घोडे गलिव्हरकडे नीट निरखून बघत एकमेकांशी बोलू लागतात. या देशात राज्य घोड्यांचं आहे. त्यांच्या जातीचं नाव म्हणजे घोड्याचं खिंकाळणंच, हुइन्हम. आम्ही तीन वेळा म्हणून पाहिलं आणि मग ठरवलं, आपण सरळ घोडेच म्हणू.

एक घोडा गलिव्हरला आपल्याकडे ठेवून घेतो. तो त्याचा मालक. गलिव्हर त्यांची भाषा शिकतो. या भाषेत खोटं या अर्थाचा शब्दच नाही. कुणी खोटं सांगितलं तर त्यांना ‘जे नाही ते सांगितलं’ असं लांबून म्हणावं लागतं, आणि असं कुणी का करेल हे त्यांना समजतच नाही. बोलायचं ते एकमेकांना कळावं म्हणून, मग नाही ते कशाला बोलायचं? ते ओट आणि दूध यांवर जगतात, भांडत नाहीत, हाव धरत नाहीत. मग एक दिवस मालक याहूला आणून गलिव्हरच्या शेजारी उभा करतो, आणि गलिव्हरच्या अंगावर काटा येतो. त्या ओंगळ जनावराचं तोंड माणसाचं आहे.

स्विफ्टनं इथं याहूंच्या खोड्या एकेक करून सांगितल्या आहेत, आणि खरं सांगतो, वाचताना आम्ही आधी पोट धरून हसलो आणि मग गप्प झालो. पन्नास याहूंना पुरेल एवढं अन्न पाच जणांपुढं टाकलं तरी ते खात नाहीत, मारामारी करतात, कारण प्रत्येकाला सगळं हवं असतं. रानात चमकणारे रंगीत दगड सापडतात. त्यांचा काही उपयोग नाही, खाता येत नाहीत, अंगाला लावता येत नाहीत. तरी याहू दिवस दिवस माती उकरून ते काढतात आणि आपल्या ढोलीत पुरून ठेवतात, वर दुसऱ्याला दिसू नयेत म्हणून चौफेर बघत राहतात. एकदा मालकानं गंमत म्हणून एका याहूचा साठा गुपचूप हलवला. त्या याहूनं आरडाओरडा केला, दुसऱ्यांना चावलं, मग खाणं-पिणं-झोप सोडून झुरायला लागला. दगड परत ठेवले तसा एकदम ठणठणीत. दोन याहू एका दगडावरून भांडत असले की तिसरा येऊन तो घेऊन जातो, आणि मालक म्हणतो की हे तुमच्या कोर्टासारखंच झालं. त्यांना एक मुळी मिळते, ती चोखली की ते झिंगतात, गळ्यात गळा घालतात, मग एकमेकांना ओरबाडतात आणि शेवटी चिखलात पडून झोपतात. ती मुळी कशाची, हे गावोगावच्या बायकांना सांगायला नको.

मालक गलिव्हरला त्याच्या देशाबद्दल विचारतो आणि गलिव्हर सगळं खरं सांगतो. लढाया का होतात, तोफेनं किती माणसं मरतात, वैद्य काय करतात, मंत्री काय करतात. आम्हाला त्यातली वकिलांची गोष्ट फार आवडली. समजा शेजाऱ्याच्या मनात माझी गाय बळकवायची आली. तर कोर्टात कुणीही हे विचारत नाही की गाय याची कशी. विचारतात ते असं: गाय तांबडी की काळी, शिंगं लांब की आखूड, ती चरते ते रान गोल की चौकोनी, धार घरी काढतात की बाहेर, तिला कोणकोणते रोग होतात. मग जुने निकाल चाळायचे, तारखा पडायच्या, आणि दहा, वीस, तीस वर्षांनी निकाल लागायचा. बांधाच्या वादात ज्यांच्या चपला झिजल्या आहेत, त्यांना हे इंग्लंडातलं वाटणारच नाही.

हे सगळं ऐकून घोडा जो निष्कर्ष काढतो, तो या पुस्तकाचा कणा आहे. तो म्हणतो, तुमच्या याहूंना अकलेचा एक छोटासा तुकडा चुकून मिळालेला दिसतो. पण तुम्ही त्याचा उपयोग करता तो जन्माचे अवगुण वाढवायला, आणि निसर्गानं दिले नव्हते असे नवे मिळवायला. साधा याहू नखांनी ओरबाडतो. तुमच्या याहूनं तोफ केली. म्हणजे जनावरात थोडी बुद्धी घातली की माणूस होतो असं नाही. जनावरापेक्षा वाईट असंही काही होऊ शकतं.

ही बुद्धी कुठं कुठं वाया जाते हे स्विफ्टनं आधीच्या सफरींतही दाखवलं आहे, पण ते आपण पळत पळत बघू. छोट्या माणसांच्या देशात अंडं कुठल्या टोकाकडून फोडायचं यावरून अकरा हजार माणसं मेली. तिसऱ्या सफरीत एक विद्वानांची संस्था आहे. तिथं नांगर-बैलांचा खर्च वाचवायची युक्ती निघाली: एकरभर शेतात सहा-सहा इंचांवर आणि आठ इंच खोल खजूर, सुकामेवा पुरायचा आणि सहाशे डुकरं सोडायची. ती खायला म्हणून जमीन उकरतील आणि खतही टाकतील. करून पाहिलं तर खर्च अतोनात आणि पीक जवळपास शून्य. तिथंच एक जमीनदार बापजाद्यांच्या पद्धतीनं शेती करून भरघोस पीक काढत होता, त्याला हे विद्वान मागासलेला म्हणायचे. आणि दुसऱ्या सफरीत, राक्षसाएवढ्या माणसांचा राजा आहे. त्याला गलिव्हर बंदुकीची दारू करायला शिकवू बघतो, तर राजाला शिसारी येते. त्या राजाचं मत असं की जिथं एक कणीस यायचं तिथं दोन आणून दाखवील तो, सगळ्या राजकारण्यांना एकत्र धरलं तरी त्यांच्यापेक्षा देशाच्या जास्त कामाचा.

आता परत घोड्यांकडे. इथपर्यंत ऐकलं की वाटतं, स्विफ्टचं म्हणणं सरळ आहे: घोडे चांगले, माणसं वाईट, आपण घोड्यांसारखं व्हावं. गलिव्हरला तसंच वाटतं. तो घोड्यांसारखा चालायला, बोलायला शिकतो. पाण्यात स्वतःचं तोंड दिसलं तर त्याला किळस येते. आणि घोड्यांकडे घेण्यासारखं आहेच. मुलींचं उदाहरण बघा. घोड्यांकडे घोडी आणि घोडे दोघांना सारखंच शिक्षण, पळणं, चढणं, सगळं. मालकाला गलिव्हरच्या देशाचं फार नवल वाटतं: मुलींना मुलांपेक्षा वेगळं शिकवायचं, म्हणजे अर्धे लोक मूल जन्माला घालण्याखेरीज कशाच्या कामाचे ठेवायचे नाहीत, आणि मग पोरांना सांभाळायचं काम त्यांच्याच हवाली करायचं! ही कुठली अक्कल? १७२६ सालच्या पुस्तकातलं आहे हे. सावित्रीबाईंच्या जन्माला अजून शंभरावर वर्षं होती. (हाच स्विफ्ट दुसरीकडे बायकांच्या नटण्या-मुरडण्यावर फार जहरी लिहितो, तेही सांगून ठेवतो. त्याला देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही.)

पण जरा पुढं वाचलं की पायात काटा रुततो. या शहाण्या घोड्यांमध्ये जात आहे. पांढरे, तांबूस आणि लोखंडी रंगाचे घोडे खालचे. तपकिरी, ठिपकेदार राखी आणि काळे वरचे. खालच्यांची बुद्धीच कमी, असं धरलेलं. ते जन्मभर नोकर राहतात आणि आपल्या रंगाबाहेर लग्न करायची इच्छासुद्धा करत नाहीत. लग्नं जमवायची ती वाण चांगला राहावा म्हणून, आपण सांड निवडतो तशी. प्रेम वगैरे काही नाही. एका जोडप्याला दोन मुलगे झाले आणि दुसऱ्याला दोन मुली, तर एकेक बदलून घ्यायचं. गलिव्हर हे सगळं कौतुकानं सांगतो. आपण आपल्या गावात राहून हे वाचतो, म्हणून आपल्याला ते कौतुक पचत नाही.

एक घोडी आहे. तिला मालकाच्या घरी नवरा-मुलांसह बोलावलेलं असतं. ती उशिरा येते आणि माफी मागते: नवरा आज सकाळीच गेला, त्याला कुठं पुरायचं हे नोकरांशी बोलून ठरवण्यात वेळ गेला. मग ती बसते आणि सगळ्यांशी हसूनखेळून बोलते. गलिव्हरच्या मते हा विचारीपणा. ती घोडी तीन महिन्यांत मरते, एवढं सांगून तो पुढं जातो. आमच्या बैठकीत या एका घोडीवर अर्धा तास वाद झाला. काही जणींचं म्हणणं, बरं आहे की, नवरा गेला म्हणून कुंकू पुसणं नाही, बांगड्या फोडणं नाही, कोपऱ्यात बसणं नाही, हे आपल्यापेक्षा शहाणं. बाकीच्यांचं म्हणणं, तीन महिन्यांत मेली ती कशानं? आम्हाला दोन्ही पटलं. रूढी नको, हे बरोबर. पण रडूच नको, हे कुठलं शहाणपण?

आणि मग येते घोड्यांची सभा. दर चार वर्षांनी भरते. यांच्याकडे वाद म्हणून होत नाही, सगळ्यांचं एकच मत असतं. फक्त एक विषय असा आहे की ज्यावर त्यांच्यात आजवर वाद झाला आहे: याहूंना पृथ्वीवरून नाहीसं करावं की नाही. अगदी शांतपणे, एकही शब्द वाईट न वापरता, सभ्य घोडे हे बोलतात. गलिव्हरचा मालक दयाळू, म्हणून तो मधला उपाय सुचवतो. गलिव्हरनंच त्याला सांगितलेलं असतं की माणसं घोड्यांना खच्ची करतात. तर आपण याहूंच्या पिल्लांना खच्ची करू, म्हणजे कुणाला मारावंही लागणार नाही आणि एका पिढीत वंश संपेल.

त्याच सभेत ठरतं की गलिव्हरलाही हाकलावं. याहू तो याहूच, त्यातून थोडी अक्कल असलेला, म्हणजे जास्त धोक्याचा. गलिव्हर रडतो, आणि जायला होडी तयार करतो. आता ऐका. होडीला बाहेरून मढवायला तो याहूंची कातडी वापरतो. फटी बुजवायला याहूंची चरबी. शिडासाठी मात्र कोवळ्या याहूंची कातडी, कारण म्हाताऱ्यांची फार जाड आणि चिवट निघते. हे तो असं सांगतो जशी आपण गोधडीला कुठलं जुनं लुगडं लावलं ते सांगतो. ज्याचं तोंड आपल्यासारखं आहे हे त्यानं स्वतः कबूल केलं होतं, त्याच्याच पोराच्या कातड्याचं शीड. तो क्रूर माणूस नाही. एवढंच झालं की त्यानं त्यांना एकदा जनावर ठरवलं, आणि जनावर ठरवल्यावर कातडं हे कातडंच.

आम्हाला वाटतं, स्विफ्टचा खरा वार इथं आहे. याहू वाईट हे तर शेंबडं पोरही सांगेल. पण बुद्धी एकटी पडली, तिच्याजवळ माया राहिली नाही, की ती किती स्वच्छ हातांनी काय काय करते, ते बघायला ही सफर वाचायची. पंडित मंडळी यावर अजून भांडतात. काहींच्या मते घोडे हाच स्विफ्टचा आदर्श होता. थॅकरे या इंग्रज कादंबरीकारानं तर १८५१ सालच्या आपल्या भाषणात श्रोत्यांना ही चौथी सफर वाचूच नका असं बजावलं होतं. पण तीन वर्षांनी स्विफ्टनं जे लिहिलं ते बघितलं, तर आमचं मत जास्त बरोबर वाटतं.

१७२९ साल. आयर्लंडात लागोपाठ पिकं बुडाली होती. स्विफ्टनं एक छोटी पुस्तिका काढली, ‘एक साधासा प्रस्ताव’ अशा अर्थाच्या नावाची. लिहिणारा कुणी देशाची काळजी असलेला, हिशोबात पक्का गृहस्थ आहे. आपल्या बचत गटाच्या वहीसारखा तो हिशोब मांडतो. देशाची लोकसंख्या १५ लाख. मुलं होऊ शकतील अशी जोडपी २ लाख. त्यांतली पोरं पोसू शकणारी ३० हजार वजा. गर्भपात आणि बालमृत्यूचे ५० हजार वजा. दरसाल गरिबांची पोरं उरली १ लाख २० हजार. यांचं काय करायचं? तर २० हजार पैदाशीसाठी राखायची, त्यांत मुलगे चौथा हिस्सा पुरे, आणि बाकीची १ लाख एक वर्षाची झाली की श्रीमंतांच्या जेवणासाठी विकायची. एका पोराला सांभाळायला खर्च वर्षाला २ शिलिंग, चिंध्या धरून. किंमत १० शिलिंग. आईला निव्वळ नफा ८ शिलिंग. कातड्याचे हातमोजे आणि बूट होतील. शीड आठवलं ना?

या हिशोबात बाईला बाई म्हटलेलंच नाही. तिच्यासाठी तो जो शब्द वापरतो तो गोठ्यातला, पैदास करणारी मादी. आणि फायदे मोजताना तो एक फायदा असा सांगतो: नवरे बायकांना जपू लागतील. गाभण घोडीला, गाईला, डुकरिणीला जपतात तसे गरोदर बायकोला जपतील, लाथ मारणार नाहीत, न जाणो गर्भ पडला तर नुकसान. हे वाचून हसू येत नाही. कारण एका ओळीत तो दाखवून जातो की आत्ता, या घडीला, गाभण गाईला जे मिळतं ते बायकोला मिळत नाही. खरे उपायही त्यानं त्याच पुस्तिकेत घातले आहेत: लंडनला बसून खाणाऱ्या जमीनदारांवर कर लावा, देशात विणलेलंच कापड वापरा, कुळांवर थोडी दया करा. फक्त तो ते असे सांगतो, की ‘हे असले उपाय मला सांगू नका, ते कुणी करणार नाही.’

असं लिहिणारा माणूस माणसांचा द्वेष करायचा का? त्या पत्रातलं आठवा: जात नाही आवडत, एकेक माणूस आवडतो. डब्लिनच्या गरीब कारागिरांसाठी स्विफ्टनं स्वतःचे ५०० पौंड बाजूला काढून छोटी छोटी कर्जं द्यायला सुरुवात केली होती. व्याज नाही, ओळखीचा जामीन, आणि परतफेड आठवड्याच्या हप्त्यानं. आपल्या गटातल्या बायकांना यात नवं काही वाटणार नाही, पण ही तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तो १७४५ साली वारला आणि आपली बहुतेक मालमत्ता मनाच्या आजाराच्या लोकांसाठी दवाखाना काढायला ठेवून गेला. ज्यांची बुद्धी चालेनाशी झाली, त्यांना त्या काळी खरोखरच जनावरासारखं साखळीनं बांधत. तो दवाखाना १७५७ साली उघडला आणि आजही चालू आहे.

गोष्टीचा शेवट राहिला. गलिव्हरला समुद्रात एक पोर्तुगीज जहाज उचलतं. कप्तानाचं नाव डॉन पेड्रो. गलिव्हर त्याला याहू समजतो, वास येतो म्हणून तोंड फिरवतो, जहाजावरून उडी टाकायला बघतो. पेड्रो रागवत नाही. त्याला खायला घालतो, स्वतःचे धुतलेले शर्ट देतो, लिस्बनला आपल्या घरी ठेवून घेतो, समजूत घालतो की बायकोपोरांकडे जा, आणि जाताना २० पौंड हातावर ठेवतो. प्रवासाचा एक पैसाही घेत नाही. साऱ्या सफरीत विचार आणि माया एका ठिकाणी सापडतात त्या या एका ‘याहू’मध्ये, आणि गलिव्हरला ते दिसत नाही.

घरी बायको आहे, मेरी. लग्नात ४०० पौंड हुंडा घेऊन आलेली. नवरा एकामागून एक चार सफरींवर गेला तेव्हा पोरं तिनंच वाढवली. शेवटच्या वेळी तो गेला तेव्हा ती पोटुशी होती. आता पाच वर्षांनी, मेला असं धरून चाललेला नवरा दारात बघून ती त्याला मिठी मारते, आणि त्या ‘प्राण्यानं’ शिवल्यामुळे तो तासभर बेशुद्ध पडतो. मग तो दोन घोडे विकत घेतो आणि रोज चार तास तबेल्यात त्यांच्याशी बोलत बसतो. बायकोपोरांना त्याच्या भाकरीला हात लावायची परवानगी नाही, त्याच्या पेल्यातून पाणी प्यायची नाही. स्वतःच्या घरात त्यानं शिवाशिव आणली, आणि वर तो सांगतो की जगात त्याला गर्व तेवढा सहन होत नाही.

पाच वर्षांनी तो तिला आपल्याबरोबर जेवायला बसू देतो. लांबलचक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. त्यानं विचारलं तरच बोलायचं आणि तेही अगदी थोडक्यात. तो नाकात तंबाखूची पानं कोंबून बसलेला असतो, तिचा वास येऊ नये म्हणून. त्यानं काय विचारलं आणि तिनं काय उत्तर दिलं, ते स्विफ्टनं लिहिलेलं नाही. तुमच्या गटात हे वाचाल तेव्हा त्या टोकाला बसून तुम्ही काय बोलला असता, ते आम्हाला जरूर लिहून पाठवा.